हंबीररावांचं वर्तुळ

माणसानं निवृत्त जरूर व्हावं, पण निवृत्त झाल्यावर कुणाच्या मदतीला जाऊ नये, असं शालूबाईंचं स्पष्ट मत होतं. त्यांचे यजमान हंबीरराव पाटबंधारे खात्यातून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि ह्या तीन वर्षांत मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत त्यांनी ज्याला ज्याला मदत केली, तो तो माणूस हल्ली मागच्या बोळातून ये-जा करत होता.

आता आरेखक म्हणजे काय, तर नकाशे काढणारा माणूस. चौतीस वर्षं हंबीररावांनी कालवे, पाट आणि बंधारे कागदावर काढले. आजऱ्याला चार वर्षं, गारगोटीला सहा, बाकी सगळी कोल्हापुरात. "माझ्या रेघेवर कुठल्या साहेबानं रबर फिरवलेला न्हाई," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी बोलत. ऐकायला कुणी नसलं तर कुंडीतल्या कढीपत्त्याला ऐकवत. कालव्याला पुढं पाणी आलं की नाही, हा प्रश्न मात्र त्यांना विचारायचा नाही. ते खातं वेगळं.

तर झालं असं की, एका दुपारी ते नातीला आणायला अंगणवाडीत गेले. नात म्हणजे ऋता, वय वर्षं चार, आवाज चाळीस माणसांचा. बघतात तर संयोगिताताई, म्हणजे अंगणवाडीच्या बाई, डोक्याला हात लावून बसलेल्या.

"काय झालं ओ ताई?"

"काय सांगू आबा. वरनं पत्र आलंय. पुढल्या शुक्रवारी मॅडम तपासणीला येणार. पोरांना चार आकार वळखता आलं पायजेत. गोल, चौकोन, त्रिकोण, आयत. तेबी खेळातनं शिकवल्यालं. न्हाई आलं तर आपली अंगणवाडी बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत घालणार."

मोठा रस्ता म्हणजे डंपर, बस आणि कॉलेजच्या पोरांच्या बुलेट. तिथं मोठी माणसं देवाचं नाव घेऊन पलीकडं जातात. तिथून बारा पोरं रोज दोनदा न्यायची म्हणजे अर्धी पोरं घरीच बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ऋता तर नक्कीच बसली असती, कारण तिच्या आईबापाच्या नोकऱ्या सकाळी आठला सुरू होत आणि शालूबाईंचे गुडघे त्या रस्त्याला घाबरत.

हंबीररावांची छाती भरून आली. आकार! अहो, चौतीस वर्षं ह्या माणसानं दुसरं काय केलं होतं?

"ताई, तुम्ही निवांत बसा," ते म्हणाले. "हे खातं आता माझ्याकडं."

घरी ही बातमी ऐकून शालूबाईंनी हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाल्या, "झालं. लागली वाट अंगणवाडीची."

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी ट्रंकेतली मखमली पेटी काढली, त्यातला मोठा कंपास फडक्यानं पुसला आणि इस्त्रीचा शर्ट घालून अंगणवाडीत उभे राहिले. "मुलांनो," ते म्हणाले, "एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंचा समूह म्हणजे वर्तुळ." बारा पोरांनी बारा तोंडं उघडली. एक लगेच झोपलं. एकानं विचारलं, "खिचडी कवा?" ऋतानं आजोबांची अब्रू राखायला म्हणून टाळ्या वाजवल्या, पण त्या एकटीच्याच होत्या.

"आबा," संयोगिताताई हळूच म्हणाल्या, "खेळातनं शिकवायचं असतंय. असं शिकवलं तर पोरं उद्यापास्नं यायची न्हाईत. आणि परवापास्नं मीबी."

वाईट वाटलं हो त्यांना. पण हंबीरराव वाईट वाटून बसणाऱ्यांतले नव्हते, हीच तर गल्लीची खरी अडचण होती. रात्रभर विचार करून त्यांनी योजना काढली: अंगणवाडीसमोर, गल्लीच्या काँक्रीटवर, चार मोठे आकार रंगवायचे. पोरांनी त्यांत उड्या मारायच्या. बाई म्हणणार "त्रिकोण!" की सगळी त्रिकोणात. आहे काय आणि नाही काय!

पण सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस परवानगीशिवाय रस्त्यावर ठिपकासुद्धा काढत नाही. सकाळी अर्ज घेऊन ते वॉर्डाच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज उलटा-सुलटा करून बघितला.

"खोदाई करणार काय?"

"न्हाई."

"मांडव?"

"न्हाई."

"मग जाहिरात?"

"त्रिकोण."

"त्रिकोणाची जाहिरात?"

"अहो जाहिरात न्हवं, नुसता त्रिकोण. आणि गोल, चौकोन, आयत."

क्लार्कनं त्यांच्याकडं जरा मायेनं बघितलं. "साहेब, आमच्या फॉर्मात त्रिकोणाचा रकानाच न्हाई. माझ्या वडिलांचं काम असतं तरी मी केलं नसतं." मग ह्या खिडकीतून त्या खिडकीत, तिथून वरच्या मजल्यावर, वरचे साहेब जेवायला, आणि जेवून आल्यावर झेरॉक्सला. चार वाजता एकदाची परवानगी मिळाली. ती होती 'बिनखांबी मांडव, चार नग' ह्यासाठी, आणि मागं अट छापलेली होती की मांडवातला लाऊडस्पीकर दहाला बंद करावा. हंबीररावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. कागद तो कागद.

त्याच संध्याकाळी काम सुरू झालं. घरात उरलेले दोन डबे होते, एक जांभळा, एक पोपटी. चौकोन, त्रिकोण आणि आयत तर त्यांनी पट्टी लावून असे काढले की बघत राहावं. राहिलं वर्तुळ. त्यासाठी सुतळी घेतली. एक टोक मध्यावर धरायला शेजारचे गुंडूअण्णा बसवले. गुंडूअण्णांचा धंदा दुधाचा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लासात द्यायची. म्हैस मागंच उभी होती. ह्या दोघांची चाळीस वर्षांची दोस्ती होती, म्हणजे हंबीरराव आणि गुंडूअण्णांची. म्हशीचं आणि हंबीररावांचं फारसं जमत नसे.

"हलू नका अण्णा. तुम्ही केंद्रबिंदू हाय."

"व्हय व्हय. काढा तुम्ही."

अर्धं वर्तुळ झालं आणि म्हशीनं सुतळीवर पाय दिला. सुतळी तटकन तुटली. हंबीररावांनी वर गॅलरीकडं बघून हाक मारली, "अगं, दोरी टाक एखादी!" शालूबाईंनी धुवायला काढलेल्या हंबीररावांच्या नाईट पँटची नाडी ओढली आणि दिली खाली टाकून. तिच्यावर दोन फूट मोजून, हंबीररावांनी राहिलेलं अर्धं वर्तुळ पुरं केलं, रंगवलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ह्याला म्हणतात काम."

आता ही हल्लीची नाडी. हिच्यात रबर असतं. हे ज्याला ठाऊक असायला हवं होतं त्याला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिला कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी चहाचा कप घेऊन हंबीरराव गॅलरीत आले, खाली बघितलं आणि कप तसाच हातात राहिला. वर्तुळ अर्ध्यापर्यंत वर्तुळ होतं. तिथून पुढं ते सुटलं होतं. काल संध्याकाळच्या अंधुक उजेडात कळलं नव्हतं, पण आता पहिल्या मजल्यावरून स्वच्छ दिसत होतं. अंडं. कोंबडीनं लाजावं असं अंडं.

चौतीस वर्षांत पहिली चुकीची रेघ, आणि ती ऑइलपेंटात! टर्पेंटाइनची बाटली घेऊन ते जिन्यात पोचले, तर खाली गल्लीतला सम्राट चार पोरांना घेऊन ब्रश धुवत उभा. सम्राट म्हणजे तालमीचा पैलवान आणि पेठेच्या फुटबॉल टीमचा सर्वेसर्वा.

"आबा, लई मोठ्या घोटाळ्यातनं वाचवलं तुम्हाला," सम्राट म्हणाला. "जांभळा-पोपटी कुणाचा रंग हाय? पलीकडच्या पेठेतल्या टीमचा! गेल्या मॅचला दोन गोल मारल्यात त्यांनी आपल्याला. आणि आपली बारकी पोरं त्यांच्या रंगात उड्या मारणार व्हय? पहाटे उठून सगळं आपल्या टीमच्या रंगात करून टाकलंय. दोन-दोन हात मारल्यात. दहा वर्षं जात न्हाई बघा."

अंड्याच्या धक्क्यात हंबीररावांचं रंगाकडं लक्षच गेलं नव्हतं. "अरे, पण मला तो गोल जरा पुसून—"

"पुसून?" सम्राटचा आवाज बदलला. "आबा, टीमचा रंग हाय त्यो. पुसायला गेला तर पोरं गप्प बसतील व्हय?"

हंबीररावांनी बाटली सदऱ्याच्या आत सरकवली. इतक्यात गुंडूअण्णा धारेची बादली घेऊन आले, रस्त्यावर बघितलं आणि भाबडेपणानं म्हणाले, "आबा, वर्तुळ काढणार म्हणालासा. हे अंडं कवा काढलं?"

चार पोरं फिस्स करून हसली. आणि झालं. तिथं हंबीरराव एक शब्द बोलले असते, "चुकलं माझं" एवढंच, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण माणसाची मान जिथं अडकते ना, ती जागा फार अरुंद असते.

"वर्तुळच हाय ते," हंबीरराव म्हणाले. "तुमची नजर तिरकी हाय."

"अहो, मी रोज अंडी खातोय आबा."

"मग म्हशी बघा तुम्ही. भूमितीत पडू नका."

चाळीस वर्षांची दोस्ती तिथं तुटली. गुंडूअण्णांच्या म्हशीचं दूध बंद झालं, पिशवीचं सुरू झालं. घरात 'अंडं' ह्या शब्दाला बंदी आली. रविवारचं ऑम्लेट गेलं. शालूबाई सगळं बघत होत्या आणि नाडी धुऊन, परत पँटमध्ये घालून, गप्प होत्या.

इकडं गल्लीत वेगळंच सुरू झालं. कोरोनाच्या साली दुकानांपुढं अंतर ठेवायला गोल काढले होते, तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून आपल्या माणसाला एक खोड लागली आहे. रस्त्यावर रंगवलेली चौकट दिसली की त्यात जाऊन उभं राहायचं. सोमवारी सकाळी बघतात तर चारी आकारांत चार माणसं, हातात पिशव्या घेऊन, शांतपणे उभी. मागं आणखी सात.

"काय मिळतंय इथं?" हंबीररावांनी विचारलं.

"कुणास ठाऊक," त्रिकोणातला म्हातारा म्हणाला. "पण पावणं, मागनं या. माझा पयला नंबर हाय."

पोरांना उड्या मारायला जागा नाही. पोरं चिडली. ऋतानं कमरेवर हात ठेवून आवाज लावला, "ए आजोबा, त्रिकोणातनं भायेर निघा! आमचा हाय त्यो!" त्यांना हाकललं तर गुंडूअण्णांची म्हैस येऊन आयतात बसली, कारण आयतच तिच्या मापाचा होता. तिला उठवलं तर सम्राटची बुलेट चौकोनात. दिवसभर पोरांचा एकच उद्योग. धावत जायचं, ओरडायचं, धावत परत यायचं आणि बाईंकडं तक्रार सांगायची.

"बाई, आयतात शेण पडलंय!"

"बाई, सम्राटदादाची गाडी परत चौकोनात!"

आणि रोज अकरा वाजता हंबीरराव इस्त्रीच्या शर्टात येऊन विचारायचे, "सांगा बघू, ज्याच्या समोरासमोरच्या बाजू समान, तो कोण?" बारा पोरं गप्प. हंबीरराव मान हलवत घरी यायचे. गुरुवारी रात्री तर ते जेवलेच नाहीत. "उद्या अंगणवाडी जाणार," ते शालूबाईंना म्हणाले. "चौतीस वर्षं नोकरी करून बारा पोरांना चार आकार शिकवता आले न्हाईत मला. ऋता आता घरीच बसणार." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की शालूबाईंना टोमणा सुचेना. त्यांनी नुसता भात पुढं सरकवला.

शुक्रवारी मॅडम आल्या. चष्मा, फाइल, करडी नजर. आल्या आणि स्कूटी लावली नेमकी त्रिकोणात. संयोगिताताई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. कारण ऋता पुढं झाली होती.

"ओ मॅडम! त्रिकोणात गाडी लावायची न्हाई! कळत न्हाई व्हय?"

मॅडम दचकून बाजूला सरकल्या.

"तिकडं आयतात नगं! म्हस बसतीया तिथं!" दुसरं पोर ओरडलं.

"चौकोनात या मॅडम, चौकोन मोकळा हाय!" तिसरं.

मॅडम गुपचूप चौकोनात येऊन उभ्या राहिल्या. फाइल उघडली. त्रिकोण, टिक. आयत, टिक. चौकोन, टिक. हंबीरराव गर्दीत मागं उभे होते, ते आ वासून बघत राहिले. अख्खी गल्ली गोळा झाली होती. सम्राट होता, पिशवीवाला म्हातारा होता, आणि लांब म्हशीपाशी गुंडूअण्णा होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी रस्त्यावरच्या चौथ्या आकृतीकडं पेन रोखलं. "आणि हे काय आहे?"

"अंडं!" ऋता म्हणाली.

"अंडं! अंडं!" बाकीची अकरा पोरं.

मॅडमनी फाइलीत बघितलं. तिथं लिहिलं होतं वर्तुळ. त्या म्हणाल्या, "नीट बघून सांगा. परत एकदा."

"अंडंच हाय," ऋता म्हणाली आणि तिचा ओठ जरा थरथरला.

"अरे, गोल म्हणा की रे पोरांनो!" सम्राट मागून ओरडला. संयोगिताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी पेन कागदावर टेकवलं. "वर्तुळ येत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "चारही आल्याशिवाय मला पास करता येत नाही बाई. नियम आहे."

ऋतानं वळून आजोबांकडं बघितलं. नुसतं बघितलं, आपण बरोबर असून कुणी ऐकत नाही म्हटल्यावर लहान पोर बघतं तसं. आणि हंबीररावांच्या काळजात कळ उठली. कारण ह्या सबंध गल्लीत ते पोर बरोबर आहे हे मापासकट सांगू शकणारा एकच माणूस होता.

ते गर्दीतून पुढं आले. खिशातून टेप काढली, त्या उन्हात गुडघे टेकून रस्त्यावर बसले आणि माप घेतलं. मग उठले.

"मॅडम, मध्यापासून ह्या बाजूला दोन फूट. त्या बाजूला दोन फूट नऊ इंच." टेप गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली. "मी चौतीस वर्षं आरेखक होतो. हे मी काढलंय आणि चुकीचं काढलंय. वर्तुळ न्हाई हे. पोरगी खरं बोलतीया. अंडं हाय."

हे ऐकून म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली म्हणतात, पण ते गुंडूअण्णांचं म्हणणं.

"मग मुलांना वर्तुळ कुठं दाखवलंत तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

हंबीरराव खडू शोधायला खिसे चाचपू लागले. पण ऋता तोपर्यंत स्कूटीकडं पोचली होती. तिनं चाकावर थाप मारली. "ह्यो गोल!" एका पोरानं गुंडूअण्णांच्या कॅनचं झाकण उचललं, "ह्योबी गोल!" तिसऱ्यानं मॅडमच्या कपाळावरच्या टिकलीकडं बोट केलं, आणि चौथ्यानं सम्राटच्या पोटाकडं.

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. टिक केली आणि शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. अंगणवाडी राहिली. संयोगिताताईंनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले, आणि म्हातारा पिशवी पुढं करून म्हणाला, "मी म्हणत न्हवतो? कायतरी मिळणार हाय म्हणून!"

आठ दिवसांनी वरनं पत्र आलं. ह्या अंगणवाडीतील बालकांना वर्तुळ आणि अंडाकृती ह्यांतला फरक कळतो, ही बाब अभ्यासक्रमाच्या पुढची व कौतुकास्पद आहे. सबब, श्री. हंबीरराव यांनी शेजारच्या सहा अंगणवाड्यांपुढं अगदी तशीच अंडाकृती, त्याच मापाची, काढून द्यावी.

हंबीररावांनी पत्र दोनदा वाचलं. मखमली पेटी उघडली, बंद केली. कंपासानं ते जमणारं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, ती नाडी कुठाय?"

"तुमच्याच पँटीत हाय की," शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आता घातलीया तीच."

थोड्या वेळानं हंबीरराव जिना उतरून गल्लीत आले. एका हातात नाडी होती, दुसऱ्या हातानं पँट वर धरली होती. म्हशीपाशी बसलेल्या गुंडूअण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. किती दिवसांत दोघं बोलले नव्हते.

"काय आबा? अंडं काढायला काय?"

"व्हय," हंबीरराव म्हणाले. "चला उठा. मध्यावर अंगठा धरायला कोण हाय मला दुसरं?"